ठिपकी मुंगीचं दार

कान इकडे करा. छोटे कान, मोठे कान, सगळे कान!

एक होती मुंगी. इवलीशी. तिचं नाव ठिपकी. तिचा भाऊ कणू. तो तर तिच्याहून इवला.

दोघं राहायची वृंदामावशीच्या स्वयंपाकघरात. भिंतीला खाली एक भेग होती. तेच त्यांचं दार.

एक दिवस घरात आवाज झाला. ठक ठक! खर्र खर्र! धडाम!

जुना ओटा निघाला. नवा ओटा आला. शेगडी गेली बाहेरच्या खोलीत. पातेली जाऊन बसली पलंगावर!

ठिपकी गंमत बघायला गेली. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय? दार कुठंय? दारावर नवी टाईल! निळी निळी, गुळगुळीत.

आणि कणू आत!

"ताई! इथं अंधार आहे गं!"

"घाबरू नको, कणू. मी आले हं!"

ठिपकी टाईलला म्हणाली,
"टाईलताई, टाईलताई, हल ना! कणू माझा सुटेना!"

टाईल म्हणाली, "मला कुठं पाय आहेत? मिस्त्री काढतील, तर हलेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

हुसेन मिस्त्री सिमेंट कालवत होते. फच्च फच्च!

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, काढा ना! टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

मिस्त्री म्हणाले, "आत्ता तर लावली! मावशी सांगेल, तर काढेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

वृंदामावशी डबे पुसत होती. पुसपुस, पुसपुस.

"मावशी, मावशी, सांग ना! मिस्त्री काढेना, टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

मावशी म्हणाली, "अगं बाई! पण घर माझं नाही. मी इथं भाड्यानं राहते. घर कुमुदकाकूचं. काकू हो म्हणेल, तर सांगेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

कुमुदकाकू काम बघायला आली होती. खुर्चीत बसली होती. नाकावर धूळ, गाल फुगलेले.

"काकू, काकू, बोल ना! मावशी सांगेना, मिस्त्री काढेना, टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

काकू म्हणाली, "घसा सुकला माझा! चहा पिईन, मग बोलेन. आधी शेगडी पेटू दे."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेगडी होती स्टुलावर. चहाचं आधण ठेवलेलं. पण गारच गार!

"शेगडी, शेगडी, पेट ना! काकू बोलेना, मावशी सांगेना, मिस्त्री काढेना, टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

शेगडी म्हणाली, "लायटर येईल, खट् करेल, तर पेटेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

इकडे बघितलं, नाही. तिकडे बघितलं, नाही. फडक्यांच्या ढिगात काय चमकलं? लायटर! पण त्याच्यावर कोण? मनी मांजर!

"लायटर, लायटर, निघ ना! शेगडी पेटेना, काकू बोलेना, मावशी सांगेना, मिस्त्री काढेना, टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

लायटर म्हणाला, "चिरडलो गं बाई! मनी उठेल, तर निघेन."

ठिपकी मनीच्या मिशीपाशी गेली.

"मनी, मनी, ऊठ ना! लायटर निघेना, शेगडी पेटेना, काकू बोलेना, मावशी सांगेना, मिस्त्री काढेना, टाईल हलेना, कणू माझा सुटेना!"

मनीनं एक डोळा उघडला. "नाही उठत जा! उबदार आहे इथं." आणि मिटला डोळा. घुर्र, घुर्र.

ठिपकीला आलं रडू. मग आला राग. मग तिनं काय केलं?

ती चढली मनीच्या पायावर. पायावरून पाठीवर. पाठीवरून डोक्यावर. आणि शिरली थेट कानात!

गुदुगुदु, गुदुगुदु!

"ई ई ई! म्याँव! उठते गं बाई, उठते!"

मनी उठली टुणकन.
लायटर निघाला टणकन.
लायटरनं केलं खट्!
शेगडी पेटली भक्!
चहा उकळला, बुडबुडबुड!
काकू चहा प्यायली, सुर्र सुर्र!
गाल झाले गोड गोड.

काकू म्हणाली, "वृंदा, सांग गं त्यांना. टाईल काढा! छोटा जीव आहे आत."

मावशीनं सांगितलं, "काढा हो, मिस्त्री! हळू हं!"

सिमेंट अजून ओलं होतं. मिस्त्रींनी थापी सरकवली. टाईल हलली. फच्च!

आतून आली एक मिशी. मग दुसरी मिशी. मग आला अख्खा कणू!

"ताई!"

"कणू!"

दोघं एकमेकांना बिलगली. इतकी, इतकी, की कोण ठिपकी आणि कोण कणू, ते मनीलाही कळेना!

काकू म्हणाली, "मिस्त्री, टाईलचा कोपरा जरा कापा बरं. यांना दार नको का?"

करकर, करकर! मिस्त्रींनी कोपरा कापला. टाईल पुन्हा बसली. खाली झालं एक दार. गोल गोल, इवलंसं.

संध्याकाळी नव्या ओट्यावर मावशीनं शिरा केला. खमंग! शिऱ्याचा एक कण पडला खाली. टप्प!

ठिपकीनं धरलं इकडून, कणूनं धरलं तिकडून. आणि दोघं शिरली नव्या दारातून आत.

तुरुतुरु, तुरुतुरु.

गोष्ट धावून दमली,
तुमच्या कुशीत निजली.