घोट्याएवढं पाणी

“पण ताई, नुसतं चालण्यात शिकण्यासारखं असतं तरी काय?”

शार्दूल मोहितेने हे विचारलं, तेव्हा दोघं स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या एका डोंगराची निम्मी चढण चढून आले होते.

पुढे विजूताई प्रधान होत्या. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी तिथल्या खेड्यांतून नर्स म्हणून काढली होती, आणि सुट्टीचा जवळजवळ प्रत्येक दिवस डोंगरात. ग्लासगोला नोकरीसाठी आलेल्या शार्दूलला जो तो सांगत होता, इथले डोंगर चालायचे असतील तर आधी एकदा विजूताईंबरोबर जाऊन ये.

ताई त्याच चालीने चढत राहिल्या.

“मी साताऱ्याचा आहे, ताई. दीडशेच्या वर किल्ले झालेत माझे. हा डोंगर म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडा जास्त.”

“हो का?” ताई म्हणाल्या. “छान.”

माथ्यावर शार्दूल वीस मिनिटं आधी पोहोचला. ताई आल्या आणि पाऊसही आला. वारा असा, की समोरासमोर उभं राहून ओरडावं लागे. धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. उतरताना ताई पुढे झाल्या, आणि दोन तास तो त्यांच्या पाठीवरची पिवळी सॅक बघत मुकाट उतरला.

पायथ्याशी ओढा होता. सकाळी त्यांनी तो दगडांवरून सहज ओलांडला होता, पाणी घोट्याएवढं होतं.

आता ते दगड दिसत नव्हते. पाणी तपकिरी, वेगात, काठोकाठ. पलीकडे, अगदी समोर, त्यांची गाडी उभी होती.

“पंधरा पावलं आहेत फार तर,” शार्दूल म्हणाला. “कमरेएवढं असेल. कोकणात असले ओढे भर पावसात ओलांडलेत मी. आधी मी जातो, मग तुम्हाला हात देतो.”

तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडू लागला.

ताई त्याला नको म्हणाल्या नाहीत.

काठावर एक मोठा खडक होता, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. त्या गुडघे टेकून त्याच्यापाशी बसल्या. हातमोजा काढला. उघडा तळवा खडकावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

शार्दूल थांबला.

“काय झालं, ताई?”

ताई थोड्या बाजूला सरकल्या. एका माणसापुरती जागा झाली.

त्याने हात ठेवला. आधी फक्त गार लागलं. मग खडकातून एक धक्का आला. मग दुसरा. मग लागोपाठ तीन. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, जाड, दबलेला... ओढ्याच्या तळाशी मोठमोठे धोंडे गडगडत चालले होते.

त्या धोंड्यांमध्ये आपल्या पायाचं काय झालं असतं, हे त्याला दिसलं.

तो परत काठावर जाऊन बसला आणि नाड्या बांधू लागला.

ताई उठल्या आणि ओढा बारीक होईल अशी जागा शोधत काठाकाठाने वर निघाल्या.

तीन तास ते चालले. वाट नव्हती, सगळी दलदल. ताई दोनदा गुडघ्यापर्यंत रुतल्या. दोन्ही वेळा स्वतःशीच हसल्या आणि शार्दूलचा हात धरून बाहेर आल्या. एका दगडाच्या आडोशाला त्यांनी पोळी आणि लिंबाचं लोणचं काढलं, अर्धी पोळी त्याला दिली. ओढ्याबद्दल एक शब्दही काढला नाही. शार्दूलला वाटत होतं, त्यांनी रागवावं.

खूप वर, एका सपाटीवर, ओढा तीन बारीक धारांत फुटला होता. साताऱ्यात असता तर त्याने उडीच मारली असती.

त्या पाण्यापाशीही ताई वाकल्या. दगडावर तळवा ठेवला, पुरता वेळ घेतला आणि मगच पाय टाकला. चाळीस वर्षं याच डोंगरांत चाललेली बाई! शार्दूल मागे उभा राहून पाहत राहिला. मग पुढे आला, वाकला, आणि त्यानेही हात ठेवला.

पलीकडच्या काठाने उतरून ते गाडीपाशी पोहोचले तेव्हा पाऊस थांबला होता. ताईंचे ओठ निळे पडले होते. शार्दूलने त्यांचे बूट काढून दिले, थर्मासमधला उरलेला चहा ओतून पेला त्यांच्या हातात ठेवला. समोर ओढा तसाच घोंघावत होता.

“ताई, एक विचारू?”

“विचार.”

“मी नाड्या सोडत होतो, तेव्हा तुम्ही नुसतं ‘जाऊ नकोस’ म्हणाला असतात, तरी मी थांबलो असतो. का नाही सांगितलंत?”

ताईंनी चहाचा घोट घेतला.

“सांगितलं असतं, तर तू माझं ऐकलं असतंस, ओढ्याचं नाही.”