कपाशीतला सोयरीक जुळवणारा

फार पूर्वी, दूरच्या कारखान्यात शिकून आलेला एक फवारणी पंप कपाशीच्या शेतात रुजू झाला. त्याला वाटलं होतं, आपल्याला पाहताच अळ्यांची दाणादाण उडेल. प्रत्यक्षात, पहिली फवारणी होताच उरलेल्या अळ्या कपाशीचं फूल घेऊन त्याचा सत्कार करायला आल्या.

“अहो, मी तुम्हाला मारायला आलोय,” पंप म्हणाला.

“मारा की, भाऊ,” अळीमावशी म्हणाली. “नाजूक पोटाचे मरतात, विष पचवणारे तेवढे उरतात. पंख फुटले की लग्नं त्यांची त्यांच्यातच. पोरंही आईबापांवर जातात. इतकी पारखून स्थळं कोण देतं?”

“आणि कपाशी?”

“आम्ही खातोय तोवर आहे.”

पंपाने कडेच्या ओळींकडे पाहिलं. तिथे अजून फवारा पोचला नव्हता. “तिथले नाजूक पोटाचे जगले तर?”

मावशीचा चेहरा पडला. “त्यांच्याशी सोयरीक? पोरं एका फवाऱ्यात आडवी होतील. घराणं बुडेल आमचं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप कडेच्या ओळींपाशी आला आणि त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. तिथल्यांनाही लग्नाला उभं राहू द्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.