चिमीचा कॉफीचा वास

डोंगरावर एक गाव. चिखलदरा त्याचं नाव. तिथं गुणवंतकाकाचं घर. घरामागे कॉफीची झुडपं. घरात एक स्वयंपाकाचा ओटा. ओट्याखाली एक बीळ. एवढंसं. बिळात राहायची चिमी चिचुंद्री.

चिमीला दिसायचं कमी. पण नाक? नाक हे एवढं लांब. सगळे म्हणायचे, शी, चिचुंद्रीला वास येतो. म्हणेनात का! चिमीला जगात एकच वास हवा असायचा. सकाळच्या कॉफीचा. वेणूकाकी कॉफी करायची. वास बिळात शिरायचा. चिमी नाक वर करायची. सूं सूं सूं. की झाली सकाळ.

एकदा काकी गेली बहिणीकडे. चांगले आठ दिवस. आता कॉफी कोण करणार? काका म्हणाला, मी करणार. त्यात काय मोठंसं?

सकाळी चिमीने नाक वर केलं. सूं सूं सूं. वास नाही. दुसऱ्या दिवशी सूं सूं सूं. वास नाहीच. तिसऱ्या दिवशी चिमीचं डोकं फिरलं.

"माझा वास मला पाहिजे," ती म्हणाली. "आजच्या आज पाहिजे."

आणि निघाली. तुरु तुरु तुरु. ओट्यावर चढली. तिथं होता कप.

"कपा, कपा, वास दे ना रे."

"मी नाही देत. मी तर रिकामा. आधी गाळणी गाळू दे."

तुरु तुरु तुरु. चिमी गेली गाळणीकडे.

"गाळणी, गाळणी, गाळ ना गं.
कप वास देत नाही.
पण चिमी काही हटत नाही."

"मी नाही गाळत. आधी पावडर खाली बसू दे."

तुरु तुरु तुरु. चिमी गेली पावडरीकडे. ती भांड्यात फिरत होती. गर गर गर.

"पावडर, पावडर, बस ना गं.
गाळणी गाळत नाही,
कप वास देत नाही.
पण चिमी काही हटत नाही."

"मी नाही बसत. मला चक्कर आली. आधी पाणी थांबू दे."

पाणी तिथंच होतं. उड्या मारत होतं. रट रट रट.

"पाण्या, पाण्या, थांब ना रे.
पावडर बसत नाही,
गाळणी गाळत नाही,
कप वास देत नाही.
पण चिमी काही हटत नाही."

"मी नाही थांबत. मला खालून चटके बसतात. आधी जाळ मंदावू दे."

चिमीने वाकून पाहिलं. भांड्याखाली जाळ. भक भक भक. बाई गं, केवढा मोठा! चिमी जरा लांबच उभी राहिली. पण उभी राहिली.

"जाळा, जाळा, मंदाव ना रे.
पाणी थांबत नाही,
पावडर बसत नाही,
गाळणी गाळत नाही,
कप वास देत नाही.
पण चिमी काही हटत नाही."

"मी नाही मंदावत. आधी काकाला गॅसचं बटण फिरवू दे."

काका होता कमरेवर हात ठेवून उभा. उंचच्या उंच. चिमी त्याच्या पायाच्या अंगठ्याएवढी.

"काका, काका, बटण फिरव ना रे.
जाळ मंदावत नाही,
पाणी थांबत नाही,
पावडर बसत नाही,
गाळणी गाळत नाही,
कप वास देत नाही.
पण चिमी काही हटत नाही."

"मी नाही फिरवत," काका म्हणाला. "चहा कसा करतात? रटरट उकळून. कॉफीपण तशीच करायची. तू कोण मला शिकवणारी?"

आता कुणाकडे जायचं? काकी घरात नाही. कप गप्प. गाळणी गप्प. काकाला बोलणार कोण?

चिमी चिडली. चिचुंद्री चिडली की कशी ओरडते, माहीत आहे?

"चुक! चुक! चुक!"

काका दचकला. म्हणाला, "चूक? माझी चूक?"

"चुक! चुक! चुक!"

काकाने झाडू उगारला. चिमी डब्यामागे. तिथूनही, चुक चुक चुक. काकाने डबा सरकवला. चिमी बरणीमागे. तिथूनही, चुक चुक चुक.

"थांब, पिऊनच दाखवतो," काका म्हणाला. भांड्यातून चमचाभर कॉफी घेतली. फू फू केलं. प्यायला. तोंड झालं वाकडं. तरी म्हणाला, "छान आहे."

"चुक," चिमी म्हणाली.

दुसरा चमचा प्यायला. तोंड झालं आणखी वाकडं. म्हणाला, "बरी आहे."

"चुक," चिमी म्हणाली.

तिसरा चमचा प्यायला. काकाने चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "कडू आहे गं. तीन दिवस अशीच पितोय. माझं चुकलं."

आता चिमी चुक म्हणाली नाही. बरणीमागून बाहेर आली.

काकाने ते काळं पाणी ओतून दिलं. नवं पाणी घेतलं. पाणी तापलं. त्यात पावडर पडली. आणि लगेच...

काकाने बटण फिरवलं. खट.
जाळ मंदावला. मंदावता मंदावता विझला.
पाणी थांबलं.

काका लगेच गाळायला निघाला. चिमी म्हणाली, घाई करायची नाही. झाकण ठेव आणि बस. काका बसला. चिमीपण बसली. दोघांनी वाट पाहिली. खूप वाट पाहिली.

मग पावडर बसली.
मग गाळणीने गाळलं. टप टप टप.
वरून गरम दूध. थोडी साखर. चिमूटभर जायफळ.
आणि कपाने वास दिला. घम घम घम!

वास ओटाभर झाला. वास घरभर झाला. चिमीने नाक वर केलं. सूं सूं सूं. डोळे मिटले. झाली सकाळ, ती म्हणाली.

काकाने एक घोट घेतला. तोंड वाकडं झालंच नाही. त्याला फार बरं वाटलं. चिमीला म्हणाला, "मिळाला ना तुझा वास? जा आता बिळात."

"नाही जात," चिमी म्हणाली.

काकाची कॉफी संपली. आपली गोष्ट संपली. आणि चिमी? ती अजून ओट्यावरच बसलीय.