मॉरिशसला कुठली गाडी घ्यावी

“नवी घ्यावी की वापरलेली?”

नाडगौडांनी चपला काढायच्या आधीच विचारलं.

आक्का पावटे सोलत होत्या. मठ म्हणजे घाटाच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड, एक समाधी आणि मोडीत निघालेल्या मॅटाडोरचं मागचं सीट. आक्का त्या सीटवर बसत. त्या कधी कुणाला चुकीचं सांगत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. कारण त्या सहसा काही सांगतच नसत.

“बस की,” आक्का म्हणाल्या.

“बसायला वेळ नाही, आक्का.”

आणि बसले.

बाहेर हॉर्न वाजला.

“कोन हाय?”

“कुमुद. आमच्या सौ.”

“मग आत का न्हाय येत?”

“रागावलीय.”

“तुझ्यावर?”

“गाडीवर... म्हणजे माझ्यावर.”

नाडगौडा पाटबंधारे खात्यात मोठे साहेब होते. कालवे काढले, धरणं बांधली, पाण्यानं कुठं वळायचं ते जन्मभर पाण्याला सांगितलं. आता रिटायर झाले होते आणि कायमचं मॉरिशसला जायचं ठरलं होतं. कुमुदताईंची मोठी बहीण तिथं होती. तिच्या शेजारचं घर भाड्यानं घेऊन झालं, पडद्यांची मापंसुद्धा आली.

फक्त तिथं पोचल्यावर गाडी नवी घ्यायची की वापरलेली, एवढंच राहिलं होतं.

या एवढ्यापायी त्यांनी दोनदा तिकिटं रद्द केली होती.

आज तिसरं तिकीट. संध्याकाळी गोव्याहून विमान. बॅगा डिकीत होत्या. नाडगौडांची बॅगसुद्धा कुमुदताईंनीच भरली होती, कारण त्यांनी स्वतः अजून हो म्हटलं नव्हतं.

“गाडीचं ठरल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही,” ते सकाळी म्हणाले होते.

“मग नका ठेवू,” कुमुदताई म्हणाल्या होत्या. “मी जातेय.”

ओरडल्या नव्हत्या. म्हणूनच नाडगौडा घाबरले होते.

“कुणाकुणाला इचारलंस?” आक्कांनी विचारलं.

“सगळ्यांना. मेव्हण्याला, मेकॅनिकला, बँकेतल्या शिपायाला. दातांच्या डॉक्टरला विचारलं.”

“त्यो काय म्हनला?”

“माझं तोंड उघडं होतं. त्याला प्रश्न कळला नाही.”

आक्कांनी एक किडका पावटा बाजूला टाकला.

“बरं. नवी घे.”

नाडगौडांचा चेहरा पडला.

“नवी कशी घेऊ, आक्का? शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरते. शिवाय समुद्राची हवा. गंज चढणार. परक्या देशात पहिला ओरखडा कुणी मारला, तर भांडायचं कुठल्या भाषेत?”

“मग वापरलेली घे.”

“वापरलेली? ती कुणी वापरली, कशी वापरली, कुणास ठाऊक! मीटर मागं फिरवलेला असतो. वरून पॉलिश, आतून खुळखुळा. तुम्ही पण काय सांगता, आक्का!”

“मग नवी घे.”

“पण आक्का...”

हॉर्न. या वेळी दोनदा.

“आलो, आलो!” नाडगौडा ओरडले. उठले. दोन पावलं गेले. परत आले. परत बसले.

“तिथं चालत फिर.”

“गुडघे.”

“मग घरात बस.”

“त्यासाठी मॉरिशसला कशाला जाऊ?”

आक्का म्हणाल्या, “आता कसं बोललास,” आणि पुढची शेंग सोलायला घेतली. नाडगौडा वाट बघत राहिले. पावटे संपत आले.

तेवढ्यात एक टेंपो खडखडत अंगणात आला.

पुढच्या काचेला झेंडूचा हार, आरशाला नारळाची शेंडी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. केबिनमध्ये चार माणसं, मागं सात-आठ, त्यात एक मेंढी. बिरा कोळेकर उडी मारून उतरला.

“आक्का! नवी गाडी घेतली!”

“झ्याक केलंस.”

नाडगौडा उठून टेंपोभोवती एक फेरी मारून आले. सवयच ती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कामाची पाहणी केलेली.

“ही नवी?”

“व्हय साहेब. काल घेतली.”

“अहो, दार दोरीनं बांधलंय.”

“दार जुनं हाय. गाडी नवी.”

“तुमच्याआधी कुणाची होती?”

“पाव्हन्याची. त्याच्याआधी त्याच्या पाव्हन्याची. त्याच्याआधीचा वारला.”

“किती चाललीय?”

बिरानं विचार केला. “घरापासनं इथवर.”

आक्का उठल्या. चारी चाकांखाली लिंबं ठेवली गेली. बिराच्या आईनं टेंपोला ओवाळलं, मग बिराला ओवाळलं, मग मेंढी मध्येच आली म्हणून तिलाही. नारळ फुटला. पेढे वाटले. नाडगौडांनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घालायचा की नाही, ते त्यांना ठरवता येईना.

बिरानं चावी फिरवली.

टेंपो चालू झाला नाही.

परत फिरवली. टेंपो खोकला आणि गप्प बसला.

“बघा!” नाडगौडा एकदम ताठ झाले. “बघा, आक्का! वापरलेली! मी काय म्हणत होतो? ठरलं. नवीच घ्यायची. कुमुद! अगं, ठरलं! नवी!”

कुमुदताईंनी गाडीची काच खाली केली.

“काय म्हणालात?”

इकडं सगळ्यांनी मिळून टेंपोला धक्का मारला. टेंपो चार लिंबांवरून गेला, उताराला लागला आणि धुराचा लोट सोडत चालू झाला. अंगणात एकच जल्लोष. धावत्या टेंपोत एकेक जण चढला. मेंढी आधीच वर होती. म्हातारीला दोघांनी उचलून घेतलं. ती हसत होती, इतकी की तिला बसता येईना.

टेंपो वळणाआड गेला.

नाडगौडा बघत राहिले.

“...पण वापरलेलीही चालते म्हणा,” ते पुटपुटले.

कुमुदताईंनी काच वर केली.

अंगणात धूळ खाली बसली. आक्का सीटवर येऊन बसल्या.

“भ्या कशाचं वाटतंय?” आक्कांनी विचारलं.

“भीती? छे. भीती कसली...”

आक्कांनी पावट्याची टरफलं गोळा केली.

“नवी गाडी पंधरा वर्षं चालते, आक्का.”

“मग?”

“मी त्रेसष्टचा आहे. गेल्या वर्षी छातीत... तसं काही नाही, गॅस होता. पण माझ्यामागं परक्या मुलखात ती गाडी दारात उभी राहणार. कुमुद रोज तिच्याकडं बघणार.”

“आनि जुनी?”

“जुनी कधीही बंद पडते. मध्येच. रस्त्यात.”

या वेळी हॉर्न वाजला नाही. नाडगौडांनी वळून बघितलं. हॉर्नची वाट बघावी तसं बघितलं.

आक्कांनी पदराच्या गाठीतून एक लिंबू काढलं.

“तुझी गाडी आन.”

“माझी? आक्का, ती जुनी आहे. आता विकायचीय. कुमुदचा भाचा गोव्याला ताब्यात घेणार आहे.”

“आन म्हनते.”

नाडगौडांनी गाडी अंगणात घेतली. गाडी चौदा वर्षांची, पण कुणी तोंड बघून भांग पाडावा अशी चकचकीत. सीटांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटत असे. कुमुदताई चौदा वर्षं त्यावर डाव्या बाजूला चिकटून बसल्या होत्या.

आक्कांनी लिंबू उजव्या पुढच्या चाकाखाली ठेवलं.

“उतर.”

नाडगौडा उतरले. आक्कांनी हात पुढं केला. त्यांनी चावी दिली, कशासाठी ते त्यांना कळायच्या आतच. आक्कांनी ती चावी कुमुदताईंच्या ओंजळीत टाकली.

“आक्का, ती चालवत नाही.”

“लायसन्स आहे माझं,” कुमुदताई म्हणाल्या.

“लायसन्स आहे. पण चालवत नाही.”

“तुम्ही देत नाही.”

“अगं, क्लच...”

“क्लच, क्लच. लग्नात माझ्या वडलांनी मला तुमच्या हवाली केलं, तेव्हा तुम्ही माझी एवढी काळजी केली नव्हती.”

“लिंबावरनं न्यायाची हाय नुसती,” आक्का म्हणाल्या. “तू कडंला हो. ह्यो नारळ धर.”

नाडगौडा दोन्ही हातांनी नारळ छातीशी धरून बाजूला उभे राहिले. कुमुदताई उतरून स्टिअरिंगमागं जाऊन बसल्या. सीट पुढं ओढलं. आरसा आपल्याकडं वळवला. मग एक काम केलं. बुडाखालच्या प्लॅस्टिकचं टोक पकडलं आणि टरकन फाडून खिडकीबाहेर टाकलं.

“कुमुद!”

गाडी चालू झाली.

“हळू! क्लच हळू सोड! हळू... अजून हळू... आता थोडा ॲक्सिलरेटर...”

लिंबू फुटलं.

“बस! झालं! ब्रेक!”

गाडी थांबली नाही.

“ब्रेक, कुमुद! मधला!”

गाडी अंगण ओलांडून फाटकाशी गेली. तिथं कुमुदताईंनी खिडकीतून उजवा हात लांब बाहेर काढला. नाडगौडांना वाटलं, त्या टाटा करताहेत. नव्हत्या करत. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलेली खूण होती ती. उजवीकडं वळतेय.

उजवीकडं गोव्याचा रस्ता होता.

गाडी वळली. डिकीतल्या दोन बॅगांसकट घाटाला लागली.

“आक्का! ती गेली!”

“गेली की.”

“खरंच जाईल? विमानात बसेल?”

“तिचं ठरलंय.”

“पण माझी बॅग...”

“तुझीबी गेली.”

नाडगौडा फाटकापर्यंत गेले. परत आले. परत फाटकापर्यंत गेले. खालच्या वळणावरून इंजिनाचा आवाज येत होता, चढा, किरकिरा, एखाद्या पोराला जबरदस्तीनं न्हाऊ घालावं तसा. त्यांचा चेहरा तो आवाज ऐकून पिळवटला. मग अजून खालच्या वळणावरून आला. मग झाडीतून.

“आक्का, आता मी काय करू?”

आक्कांनी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला. मान तिरकी करून आवाज नीट ऐकला.

“पळ,” त्या म्हणाल्या. “फस्ट गेरवरच हाय अजून ती.”