समोरच्या डोंगरावरचं माहेर

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका डोंगरावर घोंगड्या विणणाऱ्यांची वस्ती होती. तिथे ठकू नावाची सून राहत असे. मधली दरी ओलांडली की समोरच्या डोंगरावर तिचं माहेर. अंतर अर्ध्या दिवसाचं, पण लग्नानंतरच्या सहा वर्षांत ठकू एकदाही तिकडे गेली नव्हती.

रोज सकाळी ती अंगणात उभी राहून समोर बघे. शेवटच्या घरातून धूर वर निघाला, की तिला कळे, आईने चूल पेटवली. तेवढ्यावर तिचा दिवस निघे.

घरातली सगळी लोकर ठकू काते, पण भाजी कसली करायची हेसुद्धा नवरा ठरवी. कधी त्याच्या मनाविरुद्ध झालं, की त्याचा हात उठे. झऱ्यावर बायका म्हणत, "न विचारता वागलं की मार बसणारच." सासूही तेच म्हणे. आणि खरं सांगायचं, तर ठकूलाही तसंच वाटे. गालावरचा वळ पदराने झाकताना ती स्वतःलाच बोल लावी.

एकदा तीन सकाळी समोर धूर दिसला नाही.

ठकू नवऱ्याला म्हणाली, "आईचं काहीतरी बिनसलंय. दोन दिवस जाऊन येऊ का?"

"लोकर कातून होऊ दे, मग बघू."

तिने बसल्या बैठकीला लोकर कातली. मग तो म्हणाला, "आता विणून होऊ दे." तेव्हा मात्र ती न विचारता निघाली. वेशीपाशी त्याने तिला गाठलं, ओढत घरी आणलं आणि उठता येईना इतकं मारलं.

सासू हळद लावायला बसली. "विचारायचं होतंस, पोरी."

"सहा वर्षं विचारतेच आहे, आत्याबाई. यात माझी चूक कुठली, तेवढं सांगा."

सासू हळद लावत राहिली. ठकूने हळूच विचारलं, "तुमचं कुणाला भेटायचं राहिलं का?"

म्हातारीचा हात थांबला. "धाकटी बहीण होती. ती गेली, तेव्हा मी इथे चुलीपुढे भाकऱ्या थापत होते. तुझ्या सासऱ्यांनी धाडलं नाही."

"आणि मारायचे, तेही तुम्हांला बरोबर वाटायचं?"

"वाटून घ्यायचं, बाई. नाहीतर दिवस कसे काढायचे?" बहिणीबद्दल म्हातारी वर्षानुवर्षं कुणाशी बोलली नव्हती.

ठकू चालू शकेल असं झालं, त्या सकाळी सासूने फडक्यात भाकरी बांधली. "चल. मीही येते."

तिचा मुलगा दारात आडवा उभा राहिला. "या घरात कोण कुठे जाणार, ते मी ठरवतो."

"ठरवत होतास," म्हातारी म्हणाली, "कारण मी तुला कधी अडवलं नाही. आज अडवते. हात उचलायचा तर आधी माझ्यावर उचल."

त्याचा हात उठला नाही. दोघी दरी उतरल्या, समोरचा डोंगर चढल्या. ठकूला पाय दुखल्याचंही भान नव्हतं. आईला काय काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती.

घराला कडी होती. शेजारीण बाहेर आली आणि ठकूला पाहून रडू लागली.

"परवाच गेली गं. आजारी पडली तशी आम्ही तिला आमच्याकडे आणलं होतं. तुझ्याकडे दोनदा माणूस धाडला. कामं उरकली की धाडतो, असं जावयांनी सांगितलं. शेवटपर्यंत दाराकडे तोंड करून होती."

ठकूने कडी काढली. आत आईचं पातळ वाळत होतं. ते उराशी धरून ती उंबऱ्यावर बसली. सासू तिच्या शेजारी बसली, आणि आपल्या बहिणीसाठी न रडलेलं सगळं तिथे रडली.

पंधराव्या दिवशी नवरा आला. "चल घरी," तो म्हणाला.

"आईचा निरोप तुम्ही माझ्यापासून लपवलात," ठकू म्हणाली. "मला मारलंत. आता येईन की नाही, ते मी ठरवीन."

त्याने आईकडे पाहिलं. म्हातारी म्हणाली, "ती म्हणते ते बरोबर आहे." हे वाक्य त्याने आपल्या घरात कधी ऐकलं नव्हतं. तो एकटाच दरी उतरून गेला.

ठकू परतली नाही. सासूही तिच्याजवळच राहिली. पुढे सासरच्या झऱ्यावर कुणी नव्या सुनेला "तुझंच चुकलं असेल" म्हणू लागलं, की जुन्या बायका ठकूच्या आईची गोष्ट सांगत, आणि हळूहळू कुणी तसं म्हणेनासं झालं. ठकूला आता कुठेही जायला कुणाची आडकाठी नव्हती. पण जिच्यासाठी ती सहा वर्षं झुरली, तिची भेट मात्र कायमची राहून गेली.

तात्पर्य: मार खाणाऱ्या बाईला 'चूक तुझीच' म्हणणारा प्रत्येक जण मारणाऱ्याच्या हाताला बळ देतो.