ठकूबाईची हाक

फार वर्षांपूर्वी खडकोंडीच्या डोंगरावर ठकूबाई नावाची धनगरीण राहायची. किती वर्षांपूर्वी ते विचारू नका. तेव्हा रान इतकं दाट होतं म्हणे, की बकऱ्यांना शिंगं सांभाळून चालावं लागे. मोडलेलं हाड बसवावं तर ठकूबाईनंच. ती बांबूच्या कामट्या बांधायची, कांडवेलीचा लेप द्यायची, आणि लंगडं कोकरू महिन्याभरात उड्या मारायला लागायचं. पुढं लोक रानातली जनावरंही तिच्याकडं आणू लागले. वारासुद्धा पंख मोडलेली पाखरं उचलून तिच्याच दारात आणून टाकायचा, असं म्हणतात.

एकदा तिला भेकराचं पाडस सापडलं. त्याची आई मेलेली, आणि ठकूबाईला पोरबाळ नव्हतं. तिनं पाडसाला शेळीचं दूध पाजलं, सोनी नाव ठेवलं, गळ्यात घुंगरू बांधलं. "ये गं सोने, ये," म्हटलं की ते धावत यायचं आणि तिच्या घोंगडीत शिरून झोपायचं. सोनी मोठी झाली तशी ठकूबाईनं काळीज घट्ट करून तिला रानात सोडलं. सगळं नीट केलं असंच तिला वाटत होतं.

शिमग्याला गावाची शिकार निघाली. ढोल वाजले, हाकारे उठले, आणि रानातलं जे जे पायांवर होतं ते पळालं. सोनी तेवढी पळाली नाही. संध्याकाळी एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं घुंगरू आणून ठकूबाईच्या हातावर ठेवलं.

"चूक झाली गं बाय," तो म्हणाला. "पर पळायचं सोडून ती आमच्याकडंच आली की."

ठकूबाई रडली. त्या वर्षी उन्हाळ्यातही ओढा आटला नाही, तो तिच्या रडण्यानं, असं म्हणतात. मग एक दिवस तिनं डोळे पुसले.

"सोनीला तुमी न्हाई मारलं, मी मारलं," ती म्हणाली. "माणूस चांगलं असतंय, असं मी तिला शिकवलं. आता हितं येणाऱ्या जिवाला नाव मिळायचं न्हाई, आन् माझा आवाजबी ऐकू यायचा न्हाई."

बोलली तसं केलं बाईनं. जखमी जनावरांसाठी चहूबाजूंनी उंच दगडी गडगा घालून वाडगं बांधलं. आत जाताना ती माणसाचा वास येऊ नये म्हणून पालापाचोळा चोळलेली घोंगडी डोक्यावरून पायापर्यंत पांघरायची. जनावरापुढं शब्द नाही, कुरवाळणं नाही. खाणं टाकायची आणि निघायची. एखादं जनावर जास्तच निवांत दिसलं, की शेजारची बयजा बाहेरून थाळी बडवायची, मग ते दचकून कोपऱ्यात पळायचं. लोक म्हणायचे, सोनी गेली आणि बाईचं काळीज दगड झालं. लोकांचं काय, त्यांना म्हणायला काहीही चालतं.

एका वर्षी उसाच्या फडात बिबट्याचं पिल्लू सापडलं. पाय मोडलेला, डोळे नुकतेच उघडलेले. ठकूबाईनं ते घोंगडीतूनच वाढवलं. त्याचे दात फुटताना तिनं पाहिले, त्यानं मात्र तिचं तोंड एकदाही पाहिलं नाही. पाय बसला, पिल्लू मोठं झालं, गडगा चढून जायच्या बेताला आलं. आणि नेमकं तेव्हाच गावच्या इनामदाराला कळलं. त्याला दारात साखळीला बांधायला बिबट्या हवा होता. तो माणसं घेऊन डोंगरावर आला. मागोमाग सगळं गाव.

"दूध पाजून वाढवलेलं जनावर," इनामदार म्हणाला. "रानात सोडलंस तर उद्या माणसं हुंगत गावात शिरेल आणि पोरं खाईल. पटत नसेल तर सगळ्यांसमोर हाक मार त्याला. आलं, तर माझ्या साखळीला. नाही आलं, तर तुझं."

"न्हाई आलं तर माझंबी न्हाई," ठकूबाई म्हणाली. "रानाचं."

ती घोंगडी पांघरून वाडग्याकडं निघाली. बयजा तिच्या कानाशी पुटपुटली, "हळूच मार गं हाक. तोंडातल्या तोंडात. कुणाला कळायचंय?"

ठकूबाईनं नाही म्हणून मान हलवली. गावाला फसवता आलं असतं, पण आपण खरंच शिकलो की नाही, हे तिला स्वतःलाच कळायला हवं होतं. आत जाऊन तिनं घोंगडी उतरवून खाली टाकली. उघड्या तोंडानं बिबट्यासमोर उभी राहिली आणि एवढ्या वर्षांची दाबून ठेवलेली सगळी माया एकवटून म्हणाली, "ये रे बाळा, ये."

ती हाक ऐकून डोंगरावरच्या सगळ्या शेळ्यांना पान्हा फुटला, असं म्हणतात. बायका रडू लागल्या. इनामदाराच्या माणसानं साखळी पुढं केली.

बिबट्यानं तिच्याकडं पाहिलं. कान मागं पाडले, दात विचकले, गुरगुरला. आणि एका झेपेत गडगा ओलांडून रानात असा गेला, की मागं पान हललेलं तेवढं दिसलं.

ठकूबाई हसत होती आणि रडतही होती.

"बयजे," ती म्हणाली, "वळखलं न्हाई गं त्यानं मला!"

याहून मोठं सुख तिला पुढं कधी झालं नाही. इनामदार साखळी घेऊन आला तसा गेला. आणि तो बिबट्या गावात कधीच दिसला नाही.

ठकूबाईच्या आठवणीचा दगड अजून खडकोंडीच्या खिंडीत आहे. त्यावर नाव कोरलेलं नाही. जखमी जनावरं बरी करणारी माणसं आता गाडीतून येतात, कुणी डॉक्टर, कुणी वनखात्यातलं, कुणी शिकणाऱ्या पोरी. बरं झालेलं जनावर ती इथंच सोडतात. गाडी बंद करतात, पिंजऱ्याचं दार वर ओढतात आणि सगळेजण पाठ फिरवून उभे राहतात. त्यानं आपलं तोंड पाहू नये म्हणून. कुणी बोलत नाही, आणि इथून गेलेल्या एकाही जिवाला कुणी कधी नाव दिलेलं नाही.

फक्त शिमग्याच्या दिवशी गाव त्या दगडापाशी जमतं. त्या दिवशी खडकोंडीत शिकार होत नाही. गावातली सगळ्यात म्हातारी बाई एक घुंगरू हातात घेते, रानाकडं तोंड करते आणि एकदाच हाक मारते, "सोने!"

मग सगळे थांबतात. रानातून काहीच येत नाही. तेव्हा कुठं गाव समाधानानं घरी जातं.