पवळीच्या पोटातली नळी

फार पूर्वी पवळी नावाच्या शेळीच्या मूत्रपिंडात एक बारीक नळी राहायची. वरची गाळणी रक्त गाळून खाली सोडी आणि नळी त्यातलं पाणी, साखर, मीठ वेचून रक्ताला परत देई.

“टाकलेलं काय उचलतेस गं?” गाळणी हसे.

एका उन्हाळ्यात भुकेल्या पवळीनं विषारी पाला खाल्ला आणि ती कोसळली. विष गाळणीतून नीट गळेना.

“नळीताई, वाचवा!” रक्त कळवळलं.

नळी घाबरली. तरी तिनं शेजारून वाहणाऱ्या रक्तातलं विष स्वतःकडे ओढलं, ते वाहून नेण्यापुरतंच पाणी सोडलं आणि बाकीचं थेंबन्‌थेंब राखलं.

सांजेला पवळी धडपडत उभी राहिली.

“दमलीस का गं?” गाळणीनं हळूच विचारलं.

“दमले. पण अजून थोडं विष उरलंय,” नळी म्हणाली, “येऊ दे.”